भाकरी चावते का, तेही विचारा

महोदय,

गेल्या वर्षी आईच्या चार दाढा काढाव्या लागल्या. आयुष्यभर मिशरी लावलेली, हिरड्या पार सैल झालेल्या. तेव्हापासून ज्वारीची भाकरी, काकडी, कच्चा कांदा ताटातून गेलाच. उरलं काय, तर चहात बुडवलेली खारी, साखर घालून दूधभात आणि शिरा. भडंगातले शेंगदाणे वेचून ती नातवाच्या हातावर ठेवते. वर्षात सहा किलो वजन वाढलं. "मी खाते तरी कुठं?" म्हणते, आणि ते खोटं नाही, चावून खायचं असं ती काही खातच नाही.

शेजारच्या काकांचं उलटं. कवळी टोचते म्हणून ती डब्यात, आणि सदरा खांद्यावरून उतरायला लागलाय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं, ते वाढतं वजन आणि किडणारे दात या दोन्हींसाठी. मधुमेह असला तर हिरड्या आणखी लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातली साखर आवरत नाही. आमच्या भागातल्या शिबिरांत मात्र बीपी, शुगर, वजन लिहून घेतात. तोंडात बॅटरी मारून कुणी बघत नाही. काट्यावर उभ्या माणसाला 'दाढा किती उरल्या, भाकरी चावते का?' एवढं विचारायला अर्धा मिनिट पुरे. वजन कमी करा हा सल्ला आईला तीनदा मिळाला. कवळीचं तिला अजून कुणी बोललेलं नाही.

- एक वाचक, सांगली