खोली किती तापली होती, तेही छापा

संपादक महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डांची (खेळाचे चित्र पडद्यावर रचणाऱ्या संगणकाच्या भागाची) चाचणी आली आणि त्या पानाचे कात्रण घेऊन पोरे आमच्या दुकानात येऊ लागली. लेखाची भाषा सोपी आहे, खेळांची निवडही चांगली आहे. पण एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाचे तापमान ‘६५ अंश, समाधानकारक’ एवढ्यावर आटोपले आहे. ज्या खोलीत ते मोजले तिथे हवा किती अंशांची होती, हे कुठेच लिहिलेले नाही. मी अकोल्यात संगणक जोडणी आणि दुरुस्तीचे दुकान चालवते. आमच्याकडचा गिऱ्हाईक जो प्रश्न घेऊन येतो त्याचे उत्तर नेमके या गाळलेल्या आकड्यात असते, म्हणून हे पत्र.

कार्ड जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. हीट सिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे पत्रे) आणि पंखे ती खोलीच्या हवेला देतात. खोलीची हवाच तापलेली असेल तर कार्डाचे तापमान तिच्या वरच कुठेतरी थांबणार. पंख्याचा वेग तोच ठेवला, तर खोली जेवढी वर जाते जवळपास तेवढेच कार्डही वर जाते. म्हणजे २३ अंशांच्या एसी खोलीतले ६५ याचा खरा अर्थ ‘हवेपेक्षा ४२ अंश जास्त’. आता हाच फरक अकोल्याच्या मे महिन्यात, टिनाखालच्या खोलीत, ४० अंशांवर ठेवून पाहा. आमच्या भागात पारा ४५ च्या वर जाणे कोणाला नवे नाही. जळगाव, चंद्रपूर, नागपूर इथल्या वाचकांनाही हे सांगावे लागणार नाही.

एकच ४०६०, दोन पंख्यांचे मॉडेल, त्याच कॅबिनेटमध्ये (संगणकाच्या पेटीत) मी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात लावून पाहिले. थर्मामीटर भिंतीवर न टांगता कॅबिनेटमध्ये हवा जिथून शिरते त्या जाळीजवळ ठेवला. जानेवारीत तिथे २४ अंश होते. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ अर्धा तास चालवल्यावर कार्ड ६६ वर स्थिरावले, पंखे मिनिटाला सोळाशेच्या आसपास फिरत होते आणि शेजारी बसून बोलता येत होते. मे महिन्यात जाळीजवळ ३९ अंश होते. तेव्हा कार्ड ७८ वर गेले, तेही पंखे चोवीसशेच्या पुढे पळाले म्हणून. खेळाचा वेग फारसा पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तापमान चढते तसे कार्ड आपला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, थोडाथोडा खाली आणते. इथे तो उतरला तरी पडद्यावर फरक जाणवला नाही. एनव्हिडियाने या कार्डाला कमाल ९० अंशांची मर्यादा दिली आहे, तिच्यापासून ते लांबच होते. फरक पडला तो आवाजात. एका गिऱ्हाइकाच्या शब्दांत, ‘ताई, दुपारी गेम लावली का पंखा बोंबलते पाहा, कार्ड गेलं काय?’ कार्ड गेलेले नव्हते. पण दिवाळीत घेतलेले कार्ड एप्रिलमध्ये असे का ओरडते, हे त्याला आधी कोणीच सांगितले नव्हते.

दुसरा मुद्दा वेळेचा. बहुतेक खेळांत जी तयार चाचणी असते ती मिनिट-दोन मिनिटांत संपते. तेवढ्यात कार्डाचे धातूसुद्धा नीट तापत नाहीत. कार्ड स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि कॅबिनेटमधली हवा तापायला त्याहून जास्त. ‘थ्रीडीमार्क’ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइम स्पाय ताण-चाचणीत तेच दृश्य २० वेळा फिरते आणि सर्वांत हळू फेरी सर्वांत वेगवान फेरीच्या किमान ९७ टक्के आली तरच कार्ड उत्तीर्ण धरतात. ती पद्धत मला योग्य वाटते. ‘फरमार्क’ या कमाल ताण देणाऱ्या प्रोग्रामने कार्ड भाजून काढलेले आकडे मात्र छापू नयेत. कोणताही खेळ कार्डावर तसा भार टाकत नाही, वाचक उगाच घाबरतो.

आपल्या तक्त्यात प्रत्येक खेळापुढे फक्त सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे) आहे. सरासरी सत्तर असली तरी मधूनच खेळ अडखळू शकतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, एखादी फ्रेम ६० मिलिसेकंद रेंगाळली की डोळ्याला झटका बसतो, पण सरासरीत तो दिसत नाही. त्यासाठी सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा असतो, ज्याला पोरे ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. तो छापाच. ४०६० ला ८ जीबी मेमरी आहे आणि तिच्या आधीच्या ३०६० ला १२ जीबीही मिळते. टेक्स्चर (खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वाढवले की ८ जीबीचे कार्ड नेमके या आकड्यात उघडे पडते. फ्रेम जनरेशनने फुगवलेला आकडा तर वेगळ्या रकान्यात हवा. मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः रचलेल्या असतात, त्यामुळे पडदा गुळगुळीत दिसतो, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद तेवढा जलद होत नाही.

‘४०६० चे तापमान’ असेही मोघम लिहू नये. एनव्हिडियाने स्वतःच्या नावाचे फाउंडर्स एडिशन ४०६० काढलेच नाही. चिप तिची, पण पंखे आणि हीट सिंक प्रत्येक कार्ड उत्पादकाचे वेगळे. एका पंख्याचे छोटे मॉडेल आणि तीन पंख्यांचे लांब मॉडेल यांचे आकडे एकत्र करण्यात अर्थ नाही. माझे मत विचाराल तर ११५ वॅटच्या या कार्डाला बरे दोन पंखे पुरतात. तीन पंख्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण त्यांत हवा शिरायला फटच नसते. तसल्याच एका कॅबिनेटची समोरची काच काढली आणि कार्ड सहा अंशांनी उतरले. आपली चाचणी उघड्या टेबलावर झाली असावी, छायाचित्रावरून तसे दिसते. घरी कोणीही कार्ड उघडे ठेवून खेळत नाही.

वॅटचा हिशेब तर वाचकाला सगळ्यात जास्त उपयोगी आहे आणि तोच लेखात नाही. ३०६० ला १७० वॅट, ४०६० ला ११५, त्यानंतरच्या ५०६० ला १४५. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ६६०० ला १३२ आणि आरएक्स ७६०० ला १६५. दहा बाय दहाच्या बंद खोलीत दार लावून बसलेल्या मुलाला ३०६० आणि ४०६० मधले ते ५५ वॅट चांगलेच जाणवतात. वीज गेल्यावर छोट्या यूपीएसवर खेळ सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो की नाही, हेही त्यावरच ठरते. आणखी एक. एएमडीच्या कार्डांचा ‘हॉटस्पॉट’ आकडा आणि एनव्हिडियाचा नेहमीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू. तो नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा अंश पुढे असणे हा काही दोष नव्हे. असा आकडा पाहून चांगली आरएक्स ६६०० परत करायला निघालेली मुले मी थांबवली आहेत.

आता आमच्या भागाची खास अडचण, जी पुण्या-मुंबईच्या चाचणीत कधीच येणार नाही. इथे घरोघरी कूलर आहे. मूल खेळायला बसले की आई-वडील कूलरचे तोंड कॅबिनेटकडे वळवतात, संगणक थंड राहावा म्हणून. खोली थंड होते हे खरे. पण पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात येतो, म्हणजे इथले भूजल खारे आहे. तेच पाणी कूलरच्या टाकीत पडते आणि हवेबरोबर उडणारे बारीक थेंब कार्डाच्या पत्र्यांवर वाळतात. अशी कार्डे मी उघडते तेव्हा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये पांढरा चुरचुरीत थर बसलेला असतो. त्यावर सरकी काढायच्या जिनिंगकडून उडत आलेला कापसाचा तंतू चिकटतो आणि दोन्ही मिळून नमद्यासारखी चादर तयार होते. ती ब्लोअरने उडत नाही, मऊ ब्रशने सोडवावी लागते. पंखे पूर्ण वेगात आणि हवा मात्र पलीकडे जात नाही, अशी ती अवस्था. कूलर खोलीच्या खिडकीत असू द्यावा, त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको आणि दोन-तीन आठवड्यांनी पुढची जाळी पुसावी. एवढे चौकटीत छापले असते तर वऱ्हाडातल्या कित्येक घरांचा खर्च वाचला असता.

ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे त्यांच्यासाठीही काही करता येते. ‘आफ्टरबर्नर’ या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणली तर एफपीएस थोडेसेच कमी होतात, पंखे मात्र लक्षात येईल इतके शांत होतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, असेल तर फ्रेमवरही ६० ची मर्यादा घालावी. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड तापवण्यात काही राम नाही. आपल्या लेखात एक्स्ट्रीम सेटिंगवर अर्धे पान आहे, या दोन गोष्टींना एक ओळही नाही.

माझी विनंती आहे की पुढच्या चाचणीत कार्डाचे नेमके मॉडेल, खोलीचे तापमान, कॅबिनेट बंद होते की उघडे, खेळ किती मिनिटे चालला आणि शेवटी पंखे किती वेगात फिरत होते, एवढे तरी प्रत्येक तक्त्याखाली द्यावे. तीस हजारांच्या आसपासची वस्तू घेताना आमच्याकडचा बाप पोराच्या हातातले आपले कात्रण पाहून होकार देतो. त्या पानावर लोकांचा तेवढा विश्वास आहे. आणि शक्य असेल तर एक चाचणी उन्हाळ्यात विदर्भात किंवा खानदेशात घ्यावी. माझ्या नोंदवहीतले दोन्ही ऋतूंचे आकडे आपल्या प्रतिनिधीला दाखवायला मी तयार आहे आणि मे महिन्यात दुकानातले एक यंत्र त्यासाठी मोकळे ठेवीन.

आपली,
एक वाचक, संगणक दुरुस्ती व्यावसायिक, अकोला