बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर आमची मराठी तपासून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मराठी मजकुरात शब्द शोधणारी आमची छोटीशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड, आयबीएमच्या मेनफ्रेमवर कुणी चालवून बघेल, हे आमच्या गावीही नव्हतं. आमचे सगळ्यांचे लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीचे. तिथे टेस्ट हिरव्या झाल्या की काम झालं, असा हिशोब. तुम्ही मात्र आपणहून पॉवरपीसी आणि एस३९०एक्सवर (हेच ते आयबीएमचं मेनफ्रेम) आमचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, तपासून द्यायला लागलात, तेही नोकरी सांभाळून. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

एका विद्यार्थ्यानं पाठवलेल्या पॅचचं आधी सांगतो. शब्द वेगळे काढताना त्यानं एक सोपी युक्ती केली होती: बाइट शून्यापेक्षा लहान असला तर तो देवनागरीचा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) ‘पुणे’ या शब्दाचे १२ बाइट होतात आणि त्यातला प्रत्येक १२७ च्या वरचा असतो. इंटेलवर सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार चिन्हासह (अधिक-उणे) धरला जातो, त्यामुळे हे सगळे बाइट ऋण दिसतात आणि युक्ती चालून जाते. एस३९०एक्स, पॉवरपीसी आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘कॅर’ मुळात ऋण नसतोच. तुम्ही चालवलंत तेव्हा ‘पुणे 411001’ मधलं पुणे गायब आणि इंग्रजी आकड्यांतला पिनकोड तेवढा शाबूत! हे मूळ कोडात मर्ज झालं असतं तर मेनफ्रेमचं सोडा, एआरएम चिपच्या रास्पबेरी पायवर शिकणाऱ्या पोरांनाही शोधात एक मराठी शब्द सापडला नसता.

आणि तुम्ही आधी पॅच वाचला होता, चालवला नंतर. त्या ओळीशेजारी एवढंच लिहिलंत, “हा बाइट ऋण असेल असं का धरलंय?” दुरुस्त करून द्यायला तुम्हाला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्या मुलाला सांगितलंत की जीसीसी या कंपायलरला ‘अनसाइन्ड कॅर’चा (चिन्हाविना ‘कॅर’चा) पर्याय देऊन बांध, तुझ्याच लॅपटॉपवर बिघाड दिसेल. त्याला तो दिसला, त्यानंच तो काढला. लिनक्स कर्नलनं २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून सगळीकडे ‘कॅर’ चिन्हाविनाच धरायला सुरुवात केली, हेही त्याला तुमच्याकडूनच कळलं.

इंडेक्सच्या (शब्दसूचीच्या) फाइलचं प्रकरण जास्त चिवट होतं. फाइल इंटेलवर तयार झालेली, वाचायची एस३९०एक्सवर. तिथे बाइटांचा क्रम उलटा, त्यामुळे यादीची लांबी ५ च्या जागी ८,३८,८६,०८० वाचली गेली आणि प्रोग्रॅम कोसळला. आमच्यातल्या एकानं लगेच सुचवलं, “मेनफ्रेमवर मराठी कोण शोधणार? तिथली टेस्ट वगळून टाकू.” खरं सांगायचं तर बैठकीत बऱ्याच माना डोलल्या होत्या. तुम्ही शांतपणे बॅकट्रेस (प्रोग्रॅम कुठल्या ओळींतून जाऊन कोसळला त्याची नोंद) जोडलात, फाइलचे पहिले १६ बाइट हेक्समध्ये मांडलेत आणि लिहिलंत की टेस्ट बरोबर आहे, फाइलचा क्रमच कुठे ठरवलेला नाही. मग तो कागदोपत्री ठरला. आता आम्ही चार बाइट एकेक करून वाचतो आणि त्यातून आकडा जुळवतो. याचा एक फायदा आयताच मिळाला: मेमरीतला पत्ता चारच्या पटीत नसला की स्पार्क या प्रोसेसरवर बस एरर येऊन प्रोग्रॅम बंद पडायचा, तेही थांबलं.

तुमच्या अहवालांचंही कौतुक करायला हवं. मशीन कुठलं, कंपायलरची आवृत्ती कुठली, पूर्ण लॉग, आणि मूळ शाखेवर तीच टेस्ट चालते की नाही, हे सगळं त्यात असतं. “माझ्याकडे चालत नाही” एवढ्यावर बोळवण करणारे रोज भेटतात, म्हणून हे जास्त जाणवतं.

एस३९०एक्सची तपासणी आता आम्ही क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, स्वतःच चालवतो. संथ आहे, पण बाइटक्रमाच्या चुका तिथेच पकडल्या जातात, तुमच्यापर्यंत येत नाहीत. पुढच्या आवृत्तीत इंडेक्स ‘एममॅप’नं, म्हणजे फाइल थेट मेमरीत जोडून, उघडायचा विचार आहे. पॅचमध्ये मेमरीचं पान (तिचा ठरावीक तुकडा) ४०९६ बाइटांचंच धरलेलं दिसलं, म्हणून तो परत पाठवलाय. सुधारून आला की ६४ केबी पानांच्या पॉवरपीसीवर एकदा बघाल का? सवडीनं बघा, घाई नाही.

कळावे, लोभ असावा.
लायब्ररी सांभाळणाऱ्या मंडळींच्या वतीनं