कशाच्या बदल्यात?

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही बातम्या वाचल्या. पहिली म्हणते, दिवसातल्या आठ तासांतच खाणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका ९१ टक्क्यांनी जास्त. दुसरीने पाकिटातलं सगळं विष ठरवलंय. तिसरी म्हणते, मीठ बदला, पक्षाघात टळेल. यातलं नेमकं काय धरू, असं तू विचारलंस. तिन्हींमागे खरं संशोधन आहे, पण त्यांचं वजन सारखं नाही. ते कसं जोखायचं हे एकदा सविस्तर लिहून देते, म्हणजे दर आठवड्याला ताट बदलायची वेळ येणार नाही.

औषधाची परीक्षा घेताना एका गटाला गोळी देतात आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. अन्नाच्या बाबतीत ही सोय नाही. भूक ठरावीक असते, त्यामुळे एक पदार्थ वाढला की दुसरा कमी होतोच. 'अमुक खाल्ल्याने फायदा होतो' हे वाक्य म्हणून नेहमी अर्धंच असतं. कशाच्या बदल्यात खाल्ल्याने? हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही बातमीवर पुढे जाऊ नकोस.

संपृक्त चरबीचं बघ, म्हणजे लोणी, चीज, साय यांत भरपूर असते ती. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन दीर्घकालीन अभ्यासांतली, मिळून सव्वा लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांची आकडेवारी एकत्र मांडली गेली. दिवसाच्या एकूण ऊर्जेतला ५ टक्के वाटा संपृक्त चरबीकडून काढून बहुअसंपृक्त चरबीला दिला (अक्रोड, जवस, सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं तेल), तर हृदयरोगाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसलं. तोच वाटा अख्ख्या धान्याला दिला तर ९ टक्क्यांनी. आणि मैदा-साखरेला दिला तर म्हणावा असा फरकच नाही. ५ टक्के म्हणजे किती? २००० किलोकॅलरीतल्या १००, म्हणजे ११ ग्रॅम चरबी. एवढी संपृक्त चरबी साधारण २०-२२ ग्रॅम लोण्यात असते. ब्रेडवरचं तेवढं लोणी काढून त्या जागी जॅम फासला, तर 'चरबी कमी केली' हे खरं, पण हाती काही लागलं नाही.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. जे अक्रोड खातात ते कदाचित जास्त चालतही असतील, सिगारेटही कमी ओढत असतील. तरी मी यावर विश्वास ठेवते, कारण ठरवून जेवण घालून केलेले छोटे प्रयोग याच दिशेने बोट दाखवतात. बहुअसंपृक्त चरबीने एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, उतरतं. साखर-मैद्यानेही ते थोडं उतरतं, पण सोबत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, घटतं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढतात. दोन वेगळ्या पद्धती एकच सांगू लागल्या की तिथे खुशाल विश्वास टाकावा.

उलटही घडलेलं आहे, आणि ते मी कधी विसरत नाही. ज्यांच्या खाण्यात बीटा-कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारा घटक) जास्त त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं निरीक्षणांत वारंवार दिसत होतं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला तो असा: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला अशाच स्वरूपाचा दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. भाजी-फळं खाणाऱ्यांना जो फायदा दिसत होता तो त्या एका रेणूचा नव्हताच. गोळी कुठल्याच पदार्थाची जागा घेत नाही, आहे त्या खाण्यावर ती वरून पडते. म्हणून 'अमुक घटक असलेलं खाणाऱ्यांना आजार कमी' ही बातमी वाचून त्या घटकाची बाटली मागवू नकोस. डॉक्टरांनी तपासणीत कमतरता पाहून दिलेली गोळी ही निराळी गोष्ट, ती घ्यायचीच.

आता त्या ९१ टक्क्यांकडे येऊ. ही बातमी मार्च २०२४ मधली, एका परिषदेत मांडलेल्या सारांशावरून आलेली. जवळपास २०,००० अमेरिकन प्रौढांना 'काल काय आणि कधी खाल्लंत' असं दोन दिवसांपुरतं विचारलं होतं, आणि पुढे अनेक वर्षांत कोण कशाने गेलं ते पाहिलं. दोन दिवसांच्या आठवणीवरून कोणाची कित्येक वर्षांची सवय ठरवायची, हा पहिला कच्चा दुवा. दुसरा त्याहून मोठा. आठ तासांत खाणं उरकणारे सगळे हौसेने तसं करत नाहीत. कोणाला आजारपणाने भूक नसते, कोणाची पाळ्यांची (शिफ्टची) नोकरी असते, कोणाकडे दुसऱ्या जेवणाची सोय नसते. अशा माणसांची तुलना १२ ते १६ तासांत निवांत खाणाऱ्यांशी केली, तर खाण्याच्या वेळेखेरीज बाकी किती फरक मधे येतात बघ.

मग वेळ बांधून खाल्ल्याने वजन तरी उतरतं का? याला बरं उत्तर २०२२ मधल्या चिनी प्रयोगात आहे. लठ्ठपणा असलेले १३९ जण, एक वर्षभर. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच मोजून दिलेल्या, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ यातच खायचं. वेळ बांधलेल्यांचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं, न बांधलेल्यांचं ६.३ किलोंनी, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. ज्याला लवकर जेवून स्वयंपाकघर बंद केलं की रात्रीचं चरणं सुटतं, त्याने खुशाल करावं. फक्त श्रेय घड्याळाला देऊ नये, ते न खाल्लेल्या घासांना द्यावं.

दुसऱ्या बातमीतल्या अल्ट्राप्रोसेस्ड पदार्थांवर, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया करून बनवलेल्या तयार खाण्यावर, मात्र थोडं थांबते, कारण इथे प्रयोग फार काळजीपूर्वक झालाय. केविन हॉल या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. २० जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवलं, दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू (फायबर), सोडियम जुळवलेले. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अल्ट्राप्रोसेस्ड जेवणाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन ०.९ किलोंनी वाढलं, तर दुसऱ्या काळात तेवढंच घटलं. लोक ते जेवण भराभर खात होते असंही मोजणीत दिसलं. मऊ, चावायला न लागणारं, एका घासात जास्त ऊर्जा असलेलं अन्न पोट भरल्याची खूण उमटायच्या आत खाऊन होतं. हे कारण मला पटतं, पण एवढंच कारण असेल असं नाही.

२०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ५५ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात दोन्ही प्रकारचे आहार सरकारी पोषण-मार्गदर्शनाबरहुकूम बेतलेले होते. आठ आठवड्यांत दोन्हींत वजन उतरलं, कमी प्रक्रिया केलेल्या आहारावर सुमारे २ टक्के, अल्ट्राप्रोसेस्डवर सुमारे १. म्हणजे पाकिटातलं सगळं विष नाही. कडधान्याचा डबा, साधं दही, गव्हाचा ब्रेड आणि गोड पेय यांना एकाच पंगतीत बसवणारी बातमी बाजूला ठेव. गोड पेयं आणि चटपटीत, कुरकुरीत खाऊ यांपासून सुरुवात कर, आणि पुन्हा विचार की त्यांच्या जागी काय येणार.

पाकीट उलटून मागचा तक्ता वाचायची सवय लाव. समज, लिहिलंय: १०० ग्रॅममध्ये सोडियम ७६० मिलिग्रॅम, एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम. नजर पडते ती ३० ग्रॅमच्या रकान्यातल्या २२८ वर. पण पाकीट १०० ग्रॅमचं आहे आणि ते तू एका बैठकीत संपवणार. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं: ७६० गुणिले २.५ म्हणजे १.९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. एका पाकिटात तिचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० किलोकॅलरीला ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. यात मध आणि फळांचा रसही धरायचा, अख्खं फळ नाही.

तिसरी बातमी तिन्हींत सगळ्यात भक्कम. चीनच्या ६०० खेड्यांत २०,९९५ माणसांवर प्रयोग झाला, निकाल २०२१ मध्ये आला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं. इथे बदली अगदी स्वच्छ आहे, मिठाच्या जागी मीठ. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण टक्क्यांवर थांबू नकोस, माणसं मोज. दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ३४ पक्षाघात होत होते, ते २९ झाले. ही सगळी माणसं आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीपुढची, रक्तदाब जास्त असलेली. तुझ्या वयाला मुळात धोकाच लहान, म्हणून तुला मिळणारा फायदाही लहान.

हाच हिशोब प्रक्रिया केलेल्या मांसाला (सॉसेज, हॅम, सलामी) लाव. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते तंबाखूच्याच गटात घातलं म्हणून लोक घाबरले. तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समज १०० पैकी ५ जणांना तो होणार होता, तर आता सुमारे ६ जणांना होईल. टाळण्यासारखं नक्कीच आहे, पण सिगारेटशी बरोबरी नाही.

मीठ बदलायचं असेल तर एवढं पाळ. मूत्रपिंडाचा आजार असेल, स्पिरोनोलॅक्टोन हे औषध चालू असेल किंवा नावाच्या शेवटी '-प्रिल', '-सार्टन' असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ नको, कारण रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. गर्भवतींना आणि मुलांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या शिफारशीतून वगळलंय. आयोडीन आहे ना हे पाकिटावर बघ. आणि चव जरा कमी खारट लागते म्हणून चमचा वाढवू नकोस, तिथेच फायदा निसटतो.

तंतू वाढवायचे म्हणालीस ते उत्तम. दिवसाला निदान २५ ग्रॅम धर, पण दोन दिवसांत १० वरून २५ वर उडी मारलीस तर पोट फुगेल, कारण आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून वायू करतात आणि त्यांना जमवून घ्यायला वेळ लागतो. आठवड्याला ५ ग्रॅम वाढव, सोबत पाणीही. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ८ ग्रॅम, कोरड्या ओट्सच्या १०० ग्रॅममध्ये १०, सालासकट सफरचंदात ४. मोजताना सगळ्यांची एक चूक होते: शिजलेली डाळ वजन करायची आणि तक्त्यातला कोरड्या डाळीचा आकडा लावायचा. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं, शिजलेल्यात ९. कागदावर प्रथिनं पुरतात आणि प्रत्यक्षात निम्मीही नसतात.

पिठूळ पदार्थ बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं, हे तू आनंदाने कळवलंस. त्यात बरंचसं पाणी आहे. यकृत आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा गेला की पाणी जातं, आणि जेवण पूर्ववत झालं की दोन्ही परत येतात. म्हणून आठवड्याभराच्या सरासरीशिवाय वजनाचं काही मानू नकोस. २०१८ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलं होतं, तर सरासरी वजन उतरलं अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो. गटांत म्हणण्याजोगा फरक नाही, पण एकाच गटात कोणाचं पंचवीसेक किलो उतरलं तर कोणाचं वाढलंही. जो आहार तुला पुढच्या वर्षीही जमेल तो निवड.

एका वेळी एकच बदल कर आणि त्याला आठ आठवडे दे. एलडीएल पाहायचं तर आधी आणि नंतर, त्याच प्रयोगशाळेत. रक्तदाब सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, दोनदा मोज. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ.

आणि सध्या संध्याकाळी जे पाकीट फोडतेस, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. ३० ग्रॅमचा रकाना नको, १०० ग्रॅमचा नीट दिसू दे. त्याच्या जागी काय घ्यायचं ते दोघी मिळून बघू.

तुझी,
आई