बंड्याच्या पिशव्यांबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "बंड्याचं खाणं असू दे पडवीत, बघू नंतर." बंड्या गेला, पण त्याच्या किडनीच्या आजारासाठीच्या खास खाण्याच्या पिशव्या तशाच उरल्यात, म्हणून सविस्तर लिहितेय. मी त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून टाकलंय. शनिवारी मंदार येईल आणि दोन्ही बंद पिशव्या दवाखान्यात पोचवेल. तुम्हाला न विचारता ठरवलं खरं, पण तुमच्या हातून त्या उचलायला लावणं माझ्या जिवावर आलं होतं.

एवढं महागाचं खाणं वाया जाऊ नये, हे आईचं म्हणणं अगदी बरोबर आहे. डॉक्टरांकडे किडनीचा त्रास असलेली आणखी कुत्री येतात आणि सगळ्यांच्या घरच्यांना हा खर्च झेपत नाही. सील शाबूत आहे, तारीख उलटलेली नाही; ज्याला लागू पडेल त्याला ते बघून देतील.

पण बाबा, गल्लीतल्या पिलांना ते घालू नका. थकलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, म्हणून यात तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, प्रथिनंही कमी. वाढत्या पिलांच्या कोरड्या खाण्यात निदान २२.५ टक्के प्रथिनं लागतात. पिशवीवरचा आकडा तुम्हीच वाचून बघा. पोट भरेल, पण पिलं अंग धरणार नाहीत. आणि आई, शेजारच्या गाईच्या पेंडीत तर मुळीच मिसळू नकोस. त्यात कोंबडीचं असतं, गुरांना ते घालायचं नसतं.

कपड्यांचा चिमटा लावलेली ती फोडलेली पिशवी मात्र कुणालाच द्यायची नाही. फोडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपवावी लागते, त्यात चिपळूणचा पाऊस. बुरशी डोळ्यांना दिसली नाही तरी तिचं विष दाण्यांत असू शकतं, ते यकृतावर जातं. घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. परसात ओतू नका, घुशी येतील.

टाका म्हणताना मलाही भरून येतंय. बाबा, तुम्ही स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घालून एकेक दाणा बोटांनी चुरायचात आणि बंड्या तुमच्याच बोटांवरून चाटून खायचा. मला ताप आला की पेज अशीच भरवायचात. त्याला तुम्ही दोघांनी काही कमी पडू दिलं नाही, डॉक्टरही हेच म्हणाले. त्याची वाटी, पट्टा, गोधडी घरातच राहणार. मंदारला तसं बजावलंय.

आता माझं ऐका. बंड्याच्या उरलेल्या गोळ्या बाबांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी आहेत, त्या आजच्या आज वेगळ्या काढा आणि पिशव्यांबरोबर पाठवा. रात्री चष्म्याशिवाय चुकीची पट्टी हातात यायला वेळ लागत नाही. आई, तू पिशव्या ओढायच्या नाहीस, कंबर सांभाळ. आणि बाबा, संध्याकाळचा फेरा बंद पडलाय असं आई सांगत होती. बंड्याला न्यायचात तेवढंच लांब जा, नाक्यावरच्या चहापर्यंत तरी. आईला बरोबर न्या, तिलाही घरात बसून करमत नाही.

गणपतीला मी चार दिवस आधीच येतेय. शनिवारी मंदार येण्याआधी दोन्ही पिशव्यांवरच्या तारखेचा फोटो काढून मला पाठवा, डॉक्टरांनी मागितलाय.

तुमची,
छकुली