सूचना : 'डिजिटल अटके'चे फोन

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये फसव्या फोनबद्दल, विशेषतः 'डिजिटल अटके'बद्दल (खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवरच 'तुम्हाला अटक झाली' म्हणून धमकावतो) बैठक आहे. घरातल्या ज्येष्ठांना जरूर घेऊन या.

मागच्या आठवड्यात आपल्याच एका काकूंना व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस म्हणाला, "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." काकू तीन तास दार लावून बसल्या. देवापुढचा दिवाही लावला नाही. सुनेने दार ठोठावलं म्हणून पैसे वाचले.

- 'डिजिटल अटक' असं कायद्यात काहीच नाही. फोन सरळ कट करा.
- पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.
- पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

– सचिव