स्किन वाचल्या त्या दापोलीत : सुभेदारकाकांना आभारपत्र

आदरणीय सुभेदारकाका,
सादर नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला गोंडोलात (केबल कारमध्ये) न बसता अफरवट डोंगराचा उतार मी पायांनी चढले, तेव्हा स्कीच्या तळाला चिकटवलेल्या स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या, एका बाजूला केस आणि दुसऱ्या बाजूला गोंद असलेल्या पट्ट्या, एकदाही सुटल्या नाहीत. याचे श्रेय तुमचे आहे, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझ्या पहिल्या जोडीची दशा तुम्ही पाहिली होती. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली ती सरळ, अरुंद पट्टी स्कीच्या रुंद टोकांना पुरत नव्हती आणि आडव्या चालीत पाय घसरत असे. घरी आल्यावर मी ती मे महिन्याच्या उन्हात दोरीवर वाळवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली. गणपतीनंतर पिशवी उघडली, तर केसांवर बुरशी आली होती आणि गोंद फणसाच्या चिकासारखा बोटांना लागत होता.

१९४८ साली स्की स्कूल म्हणून सुरू झालेल्या गुलमर्गच्या लष्करी शाळेत तुम्ही हिवाळे काढले आहेत. तरीही एका शब्दाने न रागावता तुम्ही मला पडवीत बसवून घेतलेत आणि नव्या स्किनवरून आधी सुलटा, मग उलटा हात फिरवायला लावलात. केस मागे झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरू लागली की तेच केस बर्फात रुततात, हे तेव्हा तळहाताला कळले. पूर्वी याच कामासाठी सीलचे कातडे वापरत. आज नायलॉनची पकड चांगली आणि टिकाऊ, तर अंगोरा बकरीच्या केसांचे मोहेर हलके आणि सहज सरकणारे, पण लवकर झिजणारे. वर्षातून एकदाच बर्फ पाहणाऱ्या माझ्यासारखीने ७० टक्के मोहेर आणि ३० टक्के नायलॉन असे मिश्रण घ्यावे, हा तुमचा सल्ला मला आजही सर्वांत योग्य वाटतो.

कापण्याचे काम तुम्ही स्वतः केलेत. स्कीच्या रुंदात रुंद भागाएवढी स्किन घेऊन ती तळावर चिकटवलीत, आणि दोन्ही बाजूंची पोलादी कड तेवढी उघडी राहील अशा बेताने कटर फिरवलात. कड झाकली गेली तर कडक बर्फावर ती धरणार नाही, हे सांगताना तुम्ही त्या कडेवर नख ओढून दाखवलेत, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मात्र मी सर्वाधिक ऋणी आहे ती साठवणीबद्दलच्या शिकवणीसाठी. बर्फातल्या माणसांना जे सांगावे लागत नाही, ते तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर कोणीतरी सांगावेच लागते. स्किन सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवायच्या, चुलीजवळ किंवा हीटरसमोर कधीच नाही. मग गोंदाच्या बाजूला जाळी लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात भरायच्या. मे महिन्यात कौलांखालचा माळा तापतो, म्हणून काकूंनी तुमच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा माझ्या डब्यासाठी रिकामा करून दिला. बाहेर काढलेला डबा लगेच उघडू नये, नाहीतर दमट हवेचे पाणी थंड गोंदावर धरते, ही सूचनाही त्यांचीच.

अफरवटवर दुपारी ओलसर बर्फातून सावलीतल्या कोरड्या, थंड बर्फात शिरताच सोबतच्या दोघांच्या स्किनखाली बर्फाचे गोळे धरू लागले. मी सकाळीच केसांच्या दिशेने मेण घासले होते, त्यामुळे माझी चाल थांबली नाही. तीच वडी मग त्या दोघांनाही दिली. माथ्यावर वारा होता. स्किन अर्ध्या-अर्ध्या सोलून, गोंदावर बर्फाचा कण बसू न देता घडी घातली आणि उतरताना जॅकेटच्या आत छातीशी ठेवली, म्हणून दुसऱ्या चढाईला गोंद गार पडलेला नव्हता.

स्किन आता वाळून डब्यात भरल्या आहेत. जून लागण्यापूर्वी डबा घेऊन येते. कप्पा रिकामा ठेवावा, असे काकूंना कृपया सांगावे.

आपली ऋणी,
वरच्या आळीतली शेजारीण