सुपरमॅनची नजर कुणाकडे वळते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये जेम्स गन दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला आणि या नायकाच्या चाहत्यांमधला जुना वाद पुन्हा पेटला. एका गटाच्या मते ख्रिस्तोफर रीव्ह यांनी १९७८ मध्ये साकारलेला सुपरमॅन तेवढा अस्सल, बाकीचे सारे त्याच्या सावलीत उभे. दुसऱ्या गटाला झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’मधला (२०१३) हेन्री कॅव्हिल यांचा एकाकी, गंभीर सुपरमॅन जवळचा वाटतो आणि डेव्हिड कोरेन्स्वेट यांचा पटकन चिडणारा, पटकन हळवा होणारा नवा सुपरमॅन बालिश वाटतो. हा वाद मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि घरातही ऐकत आलो आहे, कारण माझा पुतण्या कॅव्हिल यांचा निस्सीम चाहता आहे आणि मी रीव्ह यांचा. या वादात दोन्हीकडून ‘खरा सुपरमॅन’ हे शब्द ज्या सहजतेने वापरले जातात, त्याविषयी मला लिहायचे आहे.

खरेपणा मुळात शोधायचा म्हटले, तर जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापर्यंत मागे जावे लागते. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी, ज्यांची कुटुंबे स्थलांतर करून आलेली ज्यू कुटुंबे होती, त्या अंकात जो सुपरमॅन उभा केला, तो ना रीव्ह यांच्यासारखा सौम्य होता ना कॅव्हिल यांच्यासारखा व्याकूळ. त्याला उडता येत नव्हते. तो एका झेपेत फार तर दोनशे मीटर अंतर कापत असे. निरपराध स्त्रीचा मृत्युदंड थांबवण्यासाठी तो रात्री राज्यपालांच्या घराचे दार फोडून आत शिरतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर भिरकावतो आणि सिनेटरला फितवणाऱ्या माणसाला धाक घालून बोलते करतो. महामंदीने पोळलेल्या अमेरिकेतला तो गांजलेल्यांचा कैवारी होता आणि कायद्याची त्याला फारशी पर्वा नव्हती. आज या मूळ सुपरमॅनवर जसाच्या तसा चित्रपट काढला, तर रीव्ह, कॅव्हिल आणि कोरेन्स्वेट या तिघांचेही चाहते तो ‘आमचा’ नाही असेच म्हणतील. उडणे पुढे आले, सुपरमॅनला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट हे खनिज १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आले. आज ज्याला आपण मूळ स्वरूप समजतो ते अनेकांच्या हातून हळूहळू घडत गेलेले आहे.

‘खरा सुपरमॅन जीव घेत नाही’ हा रीव्हप्रेमींचा सर्वांत आवडता मुद्दा. मीही तो वर्षानुवर्षे पुतण्याला ऐकवला. ‘मॅन ऑफ स्टील’च्या शेवटी सुपरमॅनच्याच क्रिप्टॉन या ग्रहावरून आलेला खलनायक जनरल झॉड एका कुटुंबावर डोळ्यांतली आग रोखतो आणि दुसरा मार्ग न उरलेला सुपरमॅन त्याची मान मोडतो, हे पाहून माझ्यासारखे अनेक जण खरोखर हादरले होते. पण १९८० च्या ‘सुपरमॅन २’मध्ये रीव्ह यांचा सुपरमॅनही शक्ती हिरावून घेतलेल्या, म्हणजे निरुपद्रवी झालेल्या झॉडचा हात चुरगाळतो आणि त्याला बर्फाळ महालातल्या खोल खाईत फेकून देतो, तेही चेहऱ्यावर हसू ठेवून. त्यानंतर झॉडचे काय झाले हे चित्रगृहांत दाखवलेली आवृत्ती सांगत नाही आणि प्रेक्षकही विचारत नाहीत. १९८८ मध्ये तर कॉमिक्समधल्या सुपरमॅनने क्रिप्टॉनच्या तीन गुन्हेगारांना विचारपूर्वक मृत्युदंड दिला होता. म्हणून केवळ जीव घेतला या कारणावरून कॅव्हिल यांना पंक्तीतून उठवता येणार नाही, हे मला पुतण्यापाशी मान्य करावे लागले. उलट, ज्याने मारले आणि मारल्यानंतर ज्याच्या तोंडून ती भयानक किंकाळी फुटली, त्याला मृत्यूचे वजन अधिक कळले होते, असेही म्हणता येईल.

मग या सुपरमॅनांमध्ये फरक करायचा तो कशावरून? माझ्या मते, संकटाच्या क्षणी त्याची नजर कुणाकडे वळते यावरून. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या चित्रपटात पत्रकार लोइस लेन हेलिकॉप्टरमधून खाली कोसळते, तो प्रसंग आठवावा. सुपरमॅन तिला हवेत झेलतो, वरून पडणारे हेलिकॉप्टर दुसऱ्या हाताने पेलतो, पण त्याचे सारे लक्ष त्या घाबरलेल्या स्त्रीला धीर देण्यात आहे. हेलिकॉप्टरकडे तो जेमतेम पाहतो. त्याच रात्री तो झाडावर अडकलेले मांजर एका मुलीला उतरवून देतो. त्या काळातली तांत्रिक साधने आज थिटी वाटतात, त्यांना विशेष ऑस्कर मिळाले असले तरी. मात्र रीव्ह यांच्या डोळ्यांतली ती समोरच्या माणसाविषयीची आस्था जुनी झालेली नाही.

या कसोटीवर ‘मॅन ऑफ स्टील’ मला दोन तुकड्यांत विभागलेला दिसतो. पूर्वार्धात पाण्यात कोसळलेल्या शाळेच्या बसखाली शिरून ती वर ढकलणारा मुलगा आहे, जळत्या तेलविहिरीच्या फलाटावर कामगारांसाठी लोखंड खांद्यावर तोलणारा तरुण आहे, आणि ही दृश्ये कोणत्याही सुपरमॅनपटात शोभावीत इतकी सुंदर आहेत. उत्तरार्धात मात्र मेट्रोपोलिस शहर जमीनदोस्त होत असताना कॅमेऱ्याला इमारतींमध्ये जेवढा रस वाटतो, तेवढा त्या इमारतींमधल्या माणसांमध्ये वाटत नाही. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, जी आक्षेप घेणारे बहुधा विसरतात: शहराचा मोठा विध्वंस चालू असतो तेव्हा सुपरमॅन तिथे नसतोच, तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हिंदी महासागरावर झॉडचे दुसरे यंत्र मोडत असतो. आणि शहरात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहकारी मुलीचा हात न सोडता, मरण समोर दिसत असतानाही तिच्याजवळ थांबणारा संपादक पेरी व्हाइट, हे त्या चित्रपटातले मला सर्वांत सुपरमॅनसारखे वाटलेले दृश्य आहे. पण नायक परत आल्यावर झॉडशी लढत एकामागून एक इमारती भेदत जातो आणि खाली कोण चिरडले जात आहे याकडे एकदाही वळून पाहत नाही, ही उणीव खरी आहे. स्नायडर यांना ती जाणवली असावी, कारण २०१६ च्या पुढच्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्यांनी तोच विध्वंस जमिनीवरून, धुळीच्या लोटांतून धावणाऱ्या ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमनच्या, डोळ्यांनी दाखवला.

गन यांचा सुपरमॅन अजस्र प्राण्याशी झुंज चालू असताना खाली उतरून एक खार वाचवतो. यावर बरीच टीका झाली आणि पुतण्याही वैतागला. मला विचाराल तर त्या दोन-तीन सेकंदांत कोरेन्स्वेट यांनी भूमिका हस्तगत केली. जगाला वाचवणे ही पटकथेची गरज असते. खार वाचवणे ही त्या माणसाच्या स्वभावाची खूण आहे. त्याच्या पोशाखावरची लाल चड्डी परत आली तीही याच विचाराने. डोळ्यांतून आग फेकू शकणाऱ्या परग्रहवासीयाला मुलांनी घाबरू नये असे वाटत असेल तर तो असाच रंगीत पोशाख घालील, हे कोरेन्स्वेट यांनी दिग्दर्शकाला पटवले, असे गन यांनीच सांगितले आहे.

वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग या तीन चित्रपटांतला फरक सर्वांत स्पष्ट करतो. १९७८ मध्ये सुपरमॅनला पृथ्वीवर वाढवणारे जोनाथन केंट हृदयविकाराने अंगणातच कोसळतात आणि अंत्यविधीच्या वेळी मुलगा म्हणतो की, एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. ज्याला डोंगर हलवता येतो त्यालाही एक थांबलेले हृदय चालवता येत नाही, हे कळणे म्हणजेच त्याचे वयात येणे. २०१३ मध्ये जोनाथन चक्रीवादळात सापडतात, मुलगा त्यांना सहज वाचवू शकतो, पण ते हात उचलून त्याला जागच्या जागी थांबवतात, कारण जगाला मुलाचे गुपित कळले तर जग त्याचे काय करील या भीतीने त्यांना ग्रासले आहे. रीव्हप्रेमींना हा प्रसंग मूळ कल्पनेचा घात वाटतो. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. मी स्वतः बाप झाल्यावर तो पुन्हा पाहिला, तेव्हा मुलाच्या चांगुलपणापेक्षा त्याच्या सुरक्षिततेची काळजी आधी करणारा तो भित्रा, प्रेमळ बाप मला कळला. तरीही मुलाला त्यातून जे शिकायला मिळाले ते विषारीच होते, असे माझे मत आहे: मदत करता येत असताना थांबायचे. २०२५ च्या चित्रपटात आईवडील दोघेही हयात आहेत, आणि क्रिप्टॉनवरच्या जन्मदात्यांनी आपल्याला मानवांवर राज्य करायला पाठवले होते हे कळून मुलगा कोसळतो तेव्हा ते साध्या, अडखळत्या शब्दांत त्याला सांगतात की, तू कोण आहेस हे तुझी कृती ठरवते. जन्मदात्यांची ही प्रतिमा पुष्कळ चाहत्यांना मानवली नाही आणि त्यांचे दुःख मी समजू शकतो, कारण मार्लन ब्रँडो यांच्या धीरगंभीर आवाजातला जोर-एल, म्हणजे सुपरमॅनचा जन्मदाता पिता, आमच्या पिढीच्या कानात बसला आहे. पण चित्रपटाच्या शेवटी जखमी सुपरमॅन जन्मदात्यांच्या संदेशाऐवजी केंट कुटुंबाच्या घरगुती चित्रफिती पाहत पडून राहतो, तेव्हा त्या बदलाचे प्रयोजन लक्षात येते.

नव्या चित्रपटात राजकारण घुसडले आहे, हा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. बोराविया नावाच्या देशाने शेजाऱ्यावर केलेले आक्रमण सुपरमॅन कुणालाही न विचारता थांबवतो आणि त्याबद्दल लोइस त्याला मुलाखतीत कात्रीत पकडते. चित्रपटातले हे सर्वोत्तम दृश्य आहे. बोराविया हे नाव सीगल-शूस्टर यांच्या १९३९ मधल्या कथेतून घेतलेले आहे, आणि त्या कथेतही सुपरमॅन युद्धच थांबवत होता. फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ या नियतकालिकासाठी याच जोडीने काढलेल्या दोन पानांत तो हिटलर आणि स्टालिन यांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. १९४६ मध्ये रेडिओवरच्या सुपरमॅनने सोळा भागांच्या कथेत कू क्लक्स क्लॅनवर बेतलेल्या वर्णद्वेषी टोळीचा पाडाव केला. या नायकाला अन्यायापासून दूर ठेवले, तर त्याच्याकडे उरते ती केवळ ताकद.

क्लार्क केंटविषयी, म्हणजे चष्मा लावून पत्रकार म्हणून वावरणाऱ्या सुपरमॅनविषयी, थोडेसेच लिहितो, कारण इथे रीव्ह यांच्याजवळ कुणी पोहोचले आहे असे मला वाटत नाही. लोइसच्या घरात, ती आत गेलेली असताना, तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली उतरतो आणि एका क्षणात दुसरा माणूस उभा राहतो. मग धीर सुटून तो पुन्हा खांदे पाडतो. कुठलीही तांत्रिक करामत नसलेले हे दृश्य अभिनयाच्या विद्यार्थ्यांना दाखवावे असे आहे. ‘मॅन ऑफ स्टील’ने कॅव्हिल यांना वृत्तपत्राच्या कचेरीत पाठवले तेच शेवटच्या प्रसंगात, त्यामुळे त्यांना ही संधीच मिळाली नाही आणि तुलनेत त्यांच्यावर अन्याय होतो. स्नायडर यांच्या चाहत्यांना सरसकट उद्दाम म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, ज्या मोहिमेतून त्यांनी २०२१ मध्ये चार तासांचा ‘जस्टिस लीग’ मिळवला, तिच्याच जोडीने त्यांनी आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी मोठा निधीही उभा केला.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी तुटपुंज्या पैशांत आपला सुपरमॅन उभा केला आणि त्या धडपडीवरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये आला. तिथला सुपरमॅन काटकुळा, माग चालवणारा तरुण होता आणि त्याच्या कथेतले शत्रू होते तंबाखू आणि गावातली घाण. छातीचा घेर आणि पोशाखाचा रंग यांवरून अस्सलपणा ठरवणाऱ्यांनी तो माहितीपट जरूर पाहावा. आपल्या गावात कुणाला वाचवायला हवे, एवढा एकच प्रश्न त्या मंडळींनी स्वतःला विचारला होता आणि १९३८ मध्ये क्लीव्हलंडच्या त्या दोन मुलांनीही तोच विचारला होता.

शेवटी एक विनंती. या सगळ्या चर्चेत सीगल आणि शूस्टर यांची नावे फार क्वचित येतात. त्यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले होते. पुढे न्यायालयीन झगड्यानंतर कथांवरून त्यांची नावेही काढली गेली आणि डॉनर यांचा चित्रपट तयार होण्याच्या थोडेच आधी, १९७५ मध्ये, उतारवयात त्यांना वार्षिक मानधन आणि श्रेय परत मिळाले. १९७८ च्या श्रेयनामावलीत ती दोन नावे दिसतात ती त्यामुळे. आपल्या रविवार पुरवणीत या दोघांविषयी एखादा सविस्तर लेख आला, तर माझा पुतण्या आणि मी तो एकाच बैठकीत वाचू.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक